घड्याळाच्या पाठीवरचा नंबर

आमच्या घरात प्रत्येक वस्तूवर बाबांचा नंबर होता. लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला, पितळी ताटाच्या काठावर छिन्नीने ठोकलेला, घोंगडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेला. बाबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. तिथे माणसाच्या सामानावर नाव नाही, नंबर घालतात. ती सवय त्यांना लागली ती घरी येऊन शेतात राबायला लागल्यावरही सुटली नाही. बाजारातून नवा विळा आणला तरी चहा पिण्याआधी ते मुठीवर नंबर कोरत बसायचे. माय चुलीपासून ओरडायची, "माह्या पाठीवर बी टाका एकडाव. हरपली तं सापडीन." बाबा मान वर न करता म्हणायचे, "तू कुठं हरपतं वं. तुह्या आवाजावरून सापडतं." मग भाकरी थापण्याचा आवाज जरा मोठा व्हायचा, आणि आम्हाला कळायचं की माय हसते आहे.

या सगळ्या सामानात एकच वस्तू शौकाची होती, ती म्हणजे मनगटी घड्याळ. परमुलखातल्या कुठल्याशा बंदराच्या गावी, तिकडची लढाई संपत आली तेव्हा बाबांनी ते स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. स्टीलची डबी, पांढरी डायल, अंधारात हिरवे दिसणारे काटे. असं ते सांगायचे. मी पाहिलं ते घड्याळ कधीच नवं नव्हतं. डायल चहा सांडल्यासारखी पिवळी पडली होती, काच ओरखड्यांनी धुरकट झाली होती, काट्यांवरचं रेडियम झडून गेलं होतं. चावी दिली की ते थोडा वेळ चालायचं, मग थांबायचं, आणि बाबांनी मनगट झटकलं की रुसवा सोडल्यासारखं पुन्हा टिकटिक करायचं. मागच्या झाकणावर नंबर होता. छावणीबाहेर बसणाऱ्या एका कोरणाऱ्याकडून बाबांनी तो बारीक, सरळ आकड्यांत कोरून घेतला होता. इतक्या वर्षांच्या घामाने आकड्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पण उजेडात तिरपं धरलं की तो स्पष्ट वाचता यायचा.

गावात तेव्हा घड्याळं मोजकीच. बाबा शेतातून येताना वरच्या आळीतून जात, तेव्हा ओट्यावर बसलेला कोणीही, अगदी माझ्या वयाचं पोरगंसुद्धा, तिथूनच हाक मारायचं, "काय रे फौजी, किती वाजले?" बाबा रस्त्यात उभे राहून सांगायचे. आम्ही धम्म घेऊन कितीतरी वर्षं झाली होती, शाळेत मुलं एका फरशीवर बसत होती, तरी त्या ओट्यांवर आमच्या हाताचं पाणी चालत नव्हतं. आमच्या हातावरची वेळ मात्र चालायची. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. पुढे कॉलेजात गेल्यावर संताप यायला लागला, आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही.

मागच्या महिन्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, आजोबांचं घड्याळ पाठव. इथे एक जण जुनी घड्याळं अगदी शोरूममधून काढल्यासारखी करून देतो." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या बाई दारात आल्या. बिचाऱ्याला काय माहीत? मी त्याला ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. नव्यासारखं करून घेणं म्हणजे काय, ते आमच्या घरात एकदा झालं होतं, किंवा होता होता राहिलं होतं. तेच इथे लिहिते आहे.

मी तेव्हा वाशीमला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हतं, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. एका दूरच्या मावशीच्या घरी राहून मी शिकत होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन बाबांना सांगितलं होतं, "हिला थांबवू नका." आणि बाबांनी थांबवलं नाही, एवढ्या दोन वाक्यांवर माझं सगळं शिक्षण उभं आहे. त्या बाईंचे आणि बाबांचे उपकार मी शब्दांत मांडू शकत नाही. पण शिकलेली मुलगी म्हणजे तिला नोकरीवाला मुलगा पाहिजे, हे गणित मात्र माझ्याशिवाय सगळ्यांनी आपसात सोडवून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अंगणात कापसाचा ढीग होता, आणि त्या ढिगाला टेकून मामा बसला होता. हा मायचा धाकटा भाऊ, पंचायत समितीत शिपाई, आणि आमच्या नात्यातली अर्धी लग्नं जुळवणारा. रिसोडचं स्थळ त्यानेच आणलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. वडील नव्हते, चुलते शाळामास्तर होते आणि तेच सगळं पाहत होते. "लय सुधारक लोक आहेत," मामा म्हणाला. "हुंडा म्हनून एक दमडी घेत नाहीत."

दोन-चार दिवसांनी चुलते आणि मुलगा घरी आले. मायने पाटवड्यांचा रस्सा केला होता, तुरीच्या कोवळ्या सोल्यांची भाजी केली होती, शेवयाची खीर केली होती. सकाळपासून पाट्यावर मसाला वाटण्याचा आवाज घरभर होता. चुलते व्यवस्थित, धुवट कपड्यांचे, शब्द तोलून बोलणारे गृहस्थ होते. जेवताना त्यांनी समाजावर बरंच भाषण केलं. जुन्या रूढी आपण नदीत सोडल्या पाहिजेत, मंडप साधा पाहिजे, त्रिशरण-पंचशील झालं की लग्न झालं. मी दाराआडून ऐकत होते आणि मला ते मनापासून पटत होतं. मग हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, "हुंडा आम्हाला नको. हुंडा घेणं म्हणजे मुलगा विकणं. फक्त घड्याळ."

"घड्याळ?" बाबांनी विचारलं.

"तो मान आहे. पंचशीलाआधी सासऱ्याने जावयाच्या मनगटावर बांधायचं. आमच्याकडे रिकाम्या मनगटाचा नवरदेव बरा दिसत नाही."

आमच्या भागात तेव्हा ही नवीच रीत पडली होती. घड्याळ बांधलं की ते तिथेच राहायचं नाही. लगेच सोडून मंडपात फिरायचं. या हातातून त्या हातात, कानाला लावून, उलटंपालटं करून सगळे पाहायचे, आणि त्यावरून मुलीकडच्यांची पत ठरायची. हुंडा बंद झाला असं म्हणणाऱ्या लोकांनीच तो सगळ्यांना दिसावा म्हणून मनगटावर आणून ठेवला होता.

मायचं तोंड उतरलं. नवं घड्याळ घेणं त्या साली आमच्या आवाक्यात नव्हतं. बाबांनी हातातलं घड्याळ सोडलं आणि चुलत्यांपुढे ठेवलं. "हे देईन मी. माहं सोताचं आहे. परदेशातलं आहे."

चुलत्यांनी ते कानाला लावलं, उलटं केलं, नंबर वाचला. "चीज चांगली आहे," ते म्हणाले. "पण नवं करून घ्यावं लागेल. आणि हा नंबर काढावा लागेल. मंडपात लोक उलटवून पाहतातच. नंबर दिसला की म्हणतील, फौजेचा भंगार माल दिला."

मला वाटलं, बाबा आता घड्याळ परत उचलतील. बाबा म्हणाले, "काढू."

बाजाराच्या दिवशी आम्ही वाशीमजवळच्या मालेगावला गेलो. बाबा, मी, आणि रिसोडहून आलेले चुलते व मुलगा. मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण मी हट्टाने निघाले. घड्याळ दुरुस्त करणारे कादरचाचा एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी मांडून बसत. बाबांची त्यांची जुनी ओळख; ते बाबांना नेहमी, "काय फौजीभाई, तुमची बिमार घडी आणली का?" असं विचारायचे. त्या दिवशीही तेच म्हणाले, आणि झाकण उघडून आत पाहिलं.

"मशीन अस्सल आहे. सफाई करीन, तेल देईन, एक पार्ट बदलीन, चालंन. पण नवरदेवाच्या हातात घालाचं असंन तं अकोल्याले न्या. तिथं डायल रंगवते, बफच्या चाकावर घासून आरशावानी करते. माह्याकडं बफ नाही भाई."

"निदान नंबर तरी इथेच काढून टाका," चुलते म्हणाले. "कानस असेल ना?"

"कानस आहे. तुमी म्हनसान तं घासतो."

आणि तेव्हा मुलगा बोलला. घरी आला तेव्हापासून मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्याने वाकून पेटीतली घड्याळं पाहिली आणि विचारलं, "सोनेरी होईल का?"

माझ्या कपाळात एकदम जाळ झाला. सोनेरी! माझे बाबा ज्या हाताने बंदूक धरून उभे राहिले, नांगर धरून वाकले, त्या हातावरची वस्तू याला सोनेरी पाहिजे, आणि तिच्यावर बाबा नकोत. कादरचाचांनी कानस उचललीच होती. मी पुढे होऊन त्यांच्यासमोरचं झाकण आणि घड्याळ दोन्ही उचललं.

"हा नंबर माझ्या बाबांचा आहे," मी चुलत्यांना म्हणाले.

"म्हणून तर काढायचा, बाई," ते समजुतीने म्हणाले. "घड्याळ आता जावयाचं होणार. त्यावर सासऱ्याची खूण कशाला?"

"मी पण त्यांचीच आहे. मला पण घासून नेणार का?"

पायरीवर उभी असलेली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. कादरचाचांनी भिंग डोळ्याला लावलं आणि ते पेटीतल्या दुसऱ्या घड्याळांकडे फार लक्षपूर्वक बघायला लागले. चुलत्यांचा आवाज पहिल्यांदा खाली घसरला. "शिकवलं की हे असं होतं," ते बाबांकडे वळून म्हणाले. "चार बुकं वाचली आणि बापाच्या मधे बोलायला लागली. आम्ही मोठ्या मनाने आलो होतो, फौजी."

बाबांनी हात पुढे केला. "कुसुम, घड्याळ दे."

मी दिलं. त्यांनी झाकण बसवलं, घड्याळ बंडीच्या खिशात टाकलं, आणि चुलत्यांना म्हणाले, "पोट्टी आहे. मी पाहतो." एवढं बोलून ते एस.टी. स्टँडकडे चालू लागले. बसमध्ये भाजीच्या टोपल्या आणि कोंबड्यांच्या गर्दीत आम्ही शेजारी बसलो होतो. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "घड्याळ कोनाचं आहे?"

"तुमचं."

"मंग?"

पुढे गाव येईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटत होतं की मी त्यांची बाजू घेतली. त्यांना वाटत होतं की आयुष्यात एक वस्तू मनाने द्यायला निघालो, तर तीही पोरीने हातातून ओढून घेतली. आज दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. पण माझा राग त्यामुळे कमी होत नाही, कारण बाबांना त्या पेचात उभं करणारे वेगळेच होते आणि ते स्वतःला सुधारक म्हणवत होते.

घरी मायने मला धारेवर धरलं. "तुह्या जिभेले काही हाड आहे का वं पोट्टे? कारकून आहे तो, कारकून! सावलीत बसून कमावते. तुले का माह्यासारखं कापूस वेचाचा आहे जलमभर?" दुसऱ्या दिवशी मामा आला. तो रिसोडला जाऊन आला होता. चुलते रागावले होते, पण मोडायला तयार नव्हते. "घड्याळ अकोल्यातून नवं करून आना, पोरीनं एक डाव माफी मागो, झालं," मामा म्हणाला. "भाऊजी, एका नंबरासाठी सोन्यासारखं स्थळ घालवता का?"

"मी अकोल्याले जातो," बाबा म्हणाले.

मी रडवेली होऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बसनंतर पहिल्यांदा नीट बोलले. "कायले जीवाले लावून घेतं? नंबर मले पाठ आहे. घड्याळावर असला काय अन नसला काय. फौज सोडून इतके वर्सं झाले, कोनं इचारला का मले?"

पहाटेच्या गाडीने ते गेले. माय त्यांना भाकर आणि जवसाची चटणी बांधून देत होती, तेव्हा मी जागी होते, पण तोंडावरून पांघरूण काढलं नाही.

तो दिवस मी कापसातला कचरा वेचत काढला. संध्याकाळी मामा परत आला, काय झालं ते ऐकायला. दिवेलागणीला बाबा आले. मनगट रिकामं होतं. त्यांनी बंडी काढून खुंटीला लावली, तर खिसाही रिकामा लोंबत होता. मायच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. "टाकलं का पालिशीले?" तिने विचारलं. मी उठून आत जायला निघाले.

"बस वं कुसुम," बाबा म्हणाले. "आइक."

अकोल्यात ते एका मोठ्या दुकानात गेले होते. भिंतभर काचेची कपाटं, आत रांगेने घड्याळं. बाबांच्या पायात धुळीच्या वहाणा, अंगावर बंडी. गल्ल्यावरच्या माणसाने घड्याळ हातात घेतलं, भिंगातून पाहिलं, आणि मग घड्याळाऐवजी बाबांकडे पाहायला लागला.

"इचारते, कोनाचं आहे? म्हटलं माहं. म्हने, तुझं? कुठून आणलंस? म्हटलं लढाईतून आनलं. तं हसला. त्यानं मागून एका मानसाले बलावलं अन दुकानाच्या दारात उभं केलं. मले समजलं. मी बाहीर पडू नये म्हनून उभं केलं."

"अवं माय," माय म्हणाली.

"मंग त्यानं घड्याळ मुठीत धरलं. मले दिसू नये असं. म्हने, तुझंच आहे तर मागे काय लिहिलंय सांग. मी नंबर सांगतला. म्हने, पुन्हा सांग. पुन्हा सांगतला. एकेक आकड्यावर बोट ठेवून पाहे तो. गिऱ्हाईक सारे थांबून पाहून राह्यले होते. मंग एकदम म्हने, बसा बसा. फौजी होते तर आधी सांगायचं ना. चहा मागवतो."

"पेले का चहा?" मामाने विचारलं.

"नाही पेलो." बाबा म्हणाले. "मंग मले इचारलं, बोला, काय करायचं? अन त्याइच्या टेबलावर ते बफाचं चाक फिरून राह्यलं होतं. मी त्या चाकाकडं पाहिलं. म्हटलं, काही नाही कराचं. वापस द्या."

"काहून?" माय म्हणाली, पण तिचा आवाज आता वेगळा होता.

"काहून म्हंजे? तो नंबर नसता तं मले पोलिसात देल्लं असतं त्यानं. माह्या वस्तूवर माही साक्ष तेवढीच एक आहे. ते मी आपल्या हातानं घासून आनू?"

घड्याळ वाचलं याचा आनंद मला त्या क्षणी झालाच नाही. मला फक्त दिसत होतं ते अकोल्याचं दुकान, दारात उभा केलेला तो माणूस, आणि भर गिऱ्हाइकांत स्वतःच्या घड्याळासाठी आकडे म्हणून दाखवणारे माझे बाबा. ज्याने कधी कोणाच्या शेतातली तुरीची शेंग तोडली नाही, त्याला आपलं घड्याळ आपलं आहे हे पाठ म्हणून सिद्ध करावं लागतं. सुधारकाच्या घरी तो नंबर लाजिरवाणा, आणि दुकानदाराच्या दारात त्या नंबराशिवाय माणूस चोर. मी हे असंच्या असं मोठ्याने बोलले. कोणी मला गप्प केलं नाही. मायसुद्धा नाही.

"मंग आहे कुठं घड्याळ?" मामाने विचारलं.

"मालेगावले उतरलो येता येता. कादरभाईकडं टाकलं. म्हटलं आतून साफ कर, पार्ट बदल, चालतं कर. बाहेरून एक बोट लावू नको."

मामाने टोपी काढली, पुन्हा घातली. रिसोडला काय तोंड दाखवायचं, ही त्याची खरी अडचण होती, आणि ती मला आज समजते. "भाऊजी," तो म्हणाला, "तुमचं बराबर आहे. पन पाहुन्याले मी काय सांगू? पोरीनं माफी मागो म्हनून बसले ते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मायने पुढे सरकवलेल्या ताटातली भाकर त्यांनी मोडली, पहिला घास घेतला आणि सावकाश चावून गिळला.

"सांगा," ते म्हणाले, "घड्याळ दुरुस्तीले टाकलं आहे. पोरीत काही दुरुस्ती नाही."

मामा आमच्याकडे जेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रिसोडला जाऊन हे शब्द जसेच्या तसे सांगून आला.